अण्णांच्या कॅसेटमधलं पाणी: बहरीनहून ओमानच्या वाळूत आणि डोंगरात

बहरीनमध्ये काही वर्षं काढली की माणसाला डोंगराची भूक लागते. आमच्या बेटावर गाडीने चढ चढायचा म्हणजे मीना सलमान बंदराकडे जाताना लागणारा फ्लायओव्हर चढायचा. दक्षिणेला जबल दुखान नावाचा एक डोंगर आहे, बेटावरचा सगळ्यात उंच, आणि नव्या पाहुण्याला आम्ही तो अभिमानाने दाखवतो. परभणीहून आलेल्या माझ्या मामाला दाखवला तेव्हा तो बराच वेळ त्याच्या मागे बघत राहिला. त्याला वाटलं, डोंगर मागे असेल.

आम्ही नईममध्ये राहतो. जुनी वस्ती, खाली भट्टीची रोटी मिळते, वर आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट आणि वर्षातले बहुतेक महिने घरघरणारा एसी. मी मीना सलमानमधल्या एका गोदामाच्या ऑफिसात अकाउंट्स बघते. मिलिंद, म्हणजे माझा नवरा, त्याच भागातल्या वर्कशॉपमध्ये जहाजांचे जनरेटर दुरुस्त करतो. लेक यशोधरा नववीत आहे. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं.

डिसेंबर आला की नॅशनल डेची लाल-पांढरी रोषणाई लागते, अंगावर शाल घ्यावी इतपत गारवा येतो आणि ऑफिसात एकच प्रश्न फिरतो: सुट्टीत कुठे? जुफैरचे टॉवरवाले जॉर्जियाची नाहीतर बाकूची तिकिटं काढतात. आम्ही सखीरच्या वाळूत चटई टाकून टिक्का खातो आणि संध्याकाळी घरी येतो. यंदा मात्र मी लीव्हचा अर्ज सप्टेंबरातच टाकला आणि घरी जाहीर केलं, ओमानला जायचं. यशूसाठी वाळवंट, मिलिंदसाठी डोंगरातला ड्राइव्ह आणि माझ्यासाठी पाणी.

"पानी पाहाले ओमानले?" मिलिंद अकोल्याचा. "पानी त आपल्या चहूबाजूनं हाये."

"ते पाणी वेगळंय," मी म्हणाले. त्यालाही ते माहीत होतं, उगाच छेडत होता.

आता थोडं नमनाला घडाभर तेल घालते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, माझ्या लहानपणी ओमानमध्ये होते. रस्ते बांधणाऱ्या एका कंपनीत ग्रेडर चालवायचे. पुढच्यांनी डोंगर फोडला की मागून जाऊन खडी सपाट करायची, हे त्यांचं काम. मी बालवाडीत असताना ते गेले आणि कायमचे परत आले तेव्हा मला साडी नेसता येत होती. मधे कधीतरी सुट्टी मिळायची. गावात फोन नव्हता, आणि माय शिकलेली नाही, त्यामुळे पत्र आलं तर शेजाऱ्याकडून वाचून घ्यावं लागे. म्हणून अण्णा कॅसेट पाठवायचे.

पहिल्या सुट्टीत त्यांनी टेप आणून ठेवला होता. तिकडून सुट्टीवर निघालेल्या कुणाच्या तरी हाती कॅसेट यायची. अंगणात सगळी आळी जमायची. अण्णा एकेकाचं नाव घेऊन बोलायचे: चुलत्याला विहिरीचं, मायला ज्वारीचं, मला अभ्यासाचं. मग आमची उत्तरं भरायची. कॅसेट महाग, नवी कोण आणणार? त्यामुळे त्याच कॅसेटवर आम्ही बोलायचो आणि ती परत ओमानला जायची. आमचा आवाज चढला की त्यांचा पुसला जायचा, त्यांचा चढला की आमचा. गल्फमध्ये माणूस असलेल्या कितीतरी घरांत असंच चालायचं आणि कुणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. म्हणून त्यांच्या इतक्या वर्षांच्या बोलण्यातलं आज काहीही शिल्लक नाही. शेवटची कॅसेट त्यांच्या बॅगेतून घरी आली, पण तीत आम्हीच होतो. मी शाळेतली कविता म्हणत होते.

पण मला एक तुकडा पाठ आहे. बोलणं संपलं की अण्णा म्हणायचे, "बरं, आता ठेवतो. समद्यांना जयभीम." आणि टेप बंदच व्हायचा नाही. मग नुसतं पाणी ऐकू यायचं. पाटातून वाहतं तसं, बारीक, न थांबणारं. एखादी शेळी ओरडायची, कुणीतरी लांबून हाक मारायचं, आणि ती हाक डोंगरावर आपटून परत यायची. एकदा कॅसेटमध्ये ते म्हणाले होते, "मी पाटाच्या कडंला बसलोय. डाव्या हाताला पाणी हाय, उजव्या हाताला दरी, अन् समोर घरावर घर." आमच्याकडे सपाट काळी जमीन. घरावर घर म्हणजे काय, हे मला कळायचं नाही, पण तिथे अण्णा बसलेत एवढं कळायचं. बोलताना ते सगळ्यांचे असायचे. ते गप्प झाले की मला वाटायचं, आता ते माझ्या शेजारी आहेत.

तेवढ्यात मायचं बोट बटणावर यायचं. "यांचं बटन दाबायचं राहिलं बग. सेल उतरायलेत उगंच." खट्. झालं.

मोठेपणी मी विचारलं तेव्हा अण्णा एवढंच म्हणायचे, "तिथं काय, दगडं होते." गावाचं नाव कधी सांगितलं नाही, त्यांच्या पत्त्यात कायम नुसता पोस्टबॉक्स असायचा. मी म्हणायचे, जाऊ कधीतरी दोघं. गेल्या हिवाळ्यात त्यांना झटका आला. उजवा हात बराचसा सुधारला, बोलणं गेलं. एकच शब्द उरला, "बरं". जेवले का, बरं. दुखतंय का, बरं. डॉक्टर म्हणाले, कळतं त्यांना सगळं, बाहेर येत नाही. तेव्हापासून माझ्या जिवाला एकच लागून राहिलं: ते ऐकू शकतात तोवर त्यांना ते पाणी ऐकवायचं.

म्हणजे गाव शोधणं आलं. रोज संध्याकाळी मी ओमानच्या डोंगरातल्या गावांचे व्हिडिओ लावून बसायचे. पाट असलेली गावं तिथे ढिगाने आहेत. त्या पाटाला फलज म्हणतात, डोंगराच्या पोटातून पाणी थेट गावाच्या खजुरांपर्यंत आणतात. मी माय आणि अण्णांना व्हिडिओ कॉल लावायचे आणि दुसऱ्या फोनवर गाव दाखवायचे.

"अण्णा, हे होतं का?"

"बरं."

"का हे?"

"बरं."

"तुह्ये अण्णा त सगळ्याच गावात राहून आले," मिलिंद मागून म्हणाला. मी हसले आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडले. व्हिडिओ कॉलवर अण्णांचं तोंड हलायचं, काहीतरी सांगायला बघायचे आणि पुन्हा तोच शब्द. पुढे पुढे फोन दिसला की ते मान फिरवायला लागले. माय म्हणाली, "नको दाखवू बाई आता. तरास व्हायलाय त्यायला." मग मी ते बंद केलं, घरावर घर असलेल्या तीन जागा स्वतःच निवडल्या आणि तीनपैकी दोन होतील असा बेत आखला.

आता तुमच्या कामाचं. बहरीनचा रेसिडेन्स असेल तर ओमानचा व्हिसा फारसा अवघड नाही, पण तुमच्या कार्डावरचा हुद्दा आणि पासपोर्टची मुदत दोन्ही बघतात, आणि नियम सारखे बदलतात. तिकिटाआधी हे तपासा. मिलिंदच्या 'टेक्निशियन'वरून आमचं घोडं आठवडाभर अडलं होतं. ओमानी रियाल आणि आपला दिनार जवळजवळ सारखाच, त्यामुळे डोक्यात आकडेमोड करावी लागत नाही. गाडी फोर-बाय-फोरच घ्या. सगळ्यात जास्त खर्च तिचाच होतो, पण साधी गाडी घेतलीत तर वाळूतही अडाल आणि डोंगरातही. खाण्याचा खर्च मात्र किरकोळ. रस्त्याकडेच्या मल्याळी हॉटेलांत पराठा, अंडं आणि करक चहा कुठेही मिळतो. मी तरीही धपाटे आणि ठेचा घेतलाच होता.

मस्कतला उतरलो ती सकाळ स्वच्छ होती. विमानातून खाली सुरकुतलेले तपकिरी डोंगर दिसायला लागले आणि मी खिडकीला नाक लावलं. यशूने इअरफोन काढून विचारलं, "मम्मा, आर यू क्रायिंग ऑलरेडी?" मी म्हटलं, ऊन लागलं डोळ्याला.

पहिला मुक्काम वाळवंटात, बिदिया गावाच्या पुढे. हायवे इतका गुळगुळीत की मिलिंद गाणं म्हणत होता. वाळू सुरू होते तिथे टायरच्या दुकानात चाकांची हवा कमी करून घ्यायची असते आणि शहाण्या माणसाने कॅम्पच्या गाडीमागोमाग जायचं असतं. पण आमच्याकडे उंटावरचा शहाणा होता. "जनरेटर उघडतो मी, वाळू काय चीज हाये," म्हणत त्याने गाडी बाजूच्या टेकाडावर घातली आणि चाकं निम्मी गाडली गेली. थोड्या वेळाने एक पिकअप आली. चालवणारी बाई, चेहऱ्यावर वाळवंटातल्या बदू बायकांचा तो नाकावरून येणारा मुखवटा, मागे चाऱ्याच्या पेंढ्या. तिने एक अक्षर न बोलता दोर बांधला, मिलिंदला हाताने बाजूला केलं आणि मला म्हणाली, "यल्ला, इंती!" म्हणजे तू बस. मग मी स्टिअरिंगवर, तिची पिकअप पुढे, "शुवय, शुवय", म्हणजे हळूहळू, अशी तिची ओरड, आणि गाडी बाहेर आली. पैसे देऊ केले तर तिने जीभ टाळ्याला लावून चक् केलं आणि गेली. त्यानंतर प्रवासभर घाटातलं ड्रायव्हिंगसुद्धा माझ्याकडे आलं, हा त्यातला फायदा.

संध्याकाळी टेकाडाच्या धारेवर बसलो. यशू वाळूतून घसरत खाली जायची आणि धापा टाकत वर यायची. सूर्य गेला तशी वाळू झटकन गार झाली. सगळं इतकं शांत होतं की मला स्वतःच्या कानातलं ऐकू येत होतं. मिलिंद म्हणाला, "उद्या नाही सापडलं तं?"

"तर नाही."

"मंग अण्णायले काय सांगशीन?"

खरं सांगायचं तर मला अण्णांना काही सांगायचंच नव्हतं. मला त्या अंगणात जाऊन मायचं बोट धरून ठेवायचं होतं. टेप अजून थोडा चालला असता तर अण्णा काय बोलले असते, हे मी आयुष्यभर मनात घोळवत आले आहे.

दुसऱ्या दिवशी डोंगरांकडे. वाटेत निझवाला थांबा, किल्ला बघा आणि हलवा नक्की खा. केशर-वेलचीचा, तुपात थबथबलेला, सोबत कडू कावा, म्हणजे अरबी कॉफी. आम्ही तिथून माझ्या पहिल्या जागी गेलो, बिरकत अल मौझला. मोठा फलज, खजुरीची बाग, मागे पडकी मातीची घरं, सगळं सुंदर. मी पाटाच्या कडेला बसले, डोळे मिटले आणि लगेच कळलं की हे नाही. पाणी रुंद आणि संथ होतं, उजव्या हाताला दरी नव्हती, बाग होती. यशूने फोनवर रेकॉर्डिंगची तयारी केली होती. मी मान हलवली.

मग हमरा, आणि तिथून वर मिस्फात. गाव कड्याला चिकटलेलं आहे. गाडी वर ठेवायची, पायऱ्यांनी उतरायचं. (अंगभर कपडे घाला, लोकांच्या घरांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका, गावाच्या तोंडाशीच तशी पाटी आहे.) गल्ल्यांवर घरं पुलासारखी बांधलेली, एकाच्या छतावर दुसऱ्याचं दार. घरावर घर! मी जागच्या जागी उभी राहिले. मिलिंदच्या हातातली धपाट्यांची पिशवी मी घट्ट धरली होती, हे त्याने सांगितल्यावर कळलं.

फलज गावाखालून निघून कड्याच्या अंगाने जातो. आम्ही त्याच्या कडेकडेने चालत गेलो. पाणी उजव्या हाताला होतं, दरी डाव्या.

"उलटं आहे," मी म्हणाले. रडकुंडीला आले होते.

"मंग उलटी बस ना," मिलिंद म्हणाला.

आम्ही ज्या घरात उतरलो होतो तिथला सालेम, पस्तिशीतला असेल, चहाची किटली घेऊन आमच्या मागोमाग आला होता. तो अस्खलित हिंदी बोलायचा. मी त्याला विचारलं, रस्त्यावाल्यांचा कॅम्प इथे होता का? तो कठड्यावर बसला.

"मॅडम, कॅम्प तो सब तरफ था. इधर, हमरा में, उस पहाड़ के पीछे भी. रोडवाला लोग आता था, रोड आगे जाता था, तो लोग भी आगे जाता था. मेरा अब्बा बोलता था, जुम्मे को इंडियन लोग पानी के पास बैठता था."

"इसी पानी के पास?"

"किसी भी पानी के पास." मग माझा चेहरा बघून त्याला वाईट वाटलं असावं. "नाम बोलो, मैं बुजुर्ग लोग से पूछूँगा. लेकिन मालूम मफी, किसी को मालूम नहीं, मॅडम. बहुत लोग था."

एवढ्या लांब येऊन हे निघालं. रस्ता पुढे गेला तसे अण्णाही पुढे गेले. त्या वर्षांत ते कितीतरी पाटांच्या कडेला बसले असतील. मी ज्याला एक गाव समजत होते ती कदाचित चार-पाच गावं होती आणि मीच त्यांना एकत्र केलं होतं. माझी तिसरी जागा डोंगराच्या पलीकडे होती; तिथे जाऊनही कुणी छातीठोकपणे सांगणार नव्हतं. सालेम चहा ठेवून गेला. ऊन समोरच्या कड्यावर चढत चाललं होतं, खाली केळींची पानं सळसळत होती आणि पाणी आपलं वाहत होतं. मी उलटी बसले. डाव्या हाताला पाणी आलं, उजव्या हाताला दरी, समोर घरावर घर.

यशूने फोन माझ्या हातात दिला. "मम्मा, जस्ट टॉक टू हिम. लाइक ही डिड."

मी लाल बटण दाबलं आणि बोलायला लागले. आधी अण्णांना जयभीम. मग एकेकाचं. मायला सांगितलं, इकडे ज्वारी नाही पण खजुरीच्या सावलीत लसूण लावतात. मिलिंदने वाळूत गाडी कशी रुतवली ते सांगितलं, तो मागून म्हणाला, "अण्णा, खोटं बोलते हे!" यशू पुढे झाली, घसा साफ केला आणि म्हणाली, "आजोबा, मी यशू. इथे खूप थंडी आहे. तुम्ही बनवलेला रोड छान आहे." तिच्या तोंडून एवढं सलग मराठी मी कधी ऐकलं नव्हतं, आणि तिने ते मनात जुळवून ठेवलं होतं हे दिसत होतं. मग मी म्हणाले, "अण्णा, हीच जागा हाय का, मला म्हाईत न्हाई. पण मी पाटाच्या कडंला बसले. बरं, आता ठेवते."

आणि माझं बोट बटणावर गेलंच नाही.

बोलायचं सगळं संपलं होतं. पण बंद केलं असतं तर अण्णा गेले असते. इतका वेळ ते माझ्या समोर होते, परभणीजवळच्या त्या अंगणात बाजेवर, आणि एक खट् झालं की मी ओमानमधल्या एका कठड्यावर बसलेली बाई होणार होते. यशूने माझ्या मनगटावर हात ठेवला आणि ओठ न हलवता नुसती मान हलवली, राहू दे. पाणी वाहत राहिलं. खालून कुणीतरी कुणाला तरी हाक मारली आणि ती कड्यावर आपटून परत आली. तेव्हा मला कळलं की अण्णांचं बटण दाबायचं विसरून कधीच राहिलं नव्हतं. तो पोरं-बायको सोडून आलेला तिशीतला माणूस, शुक्रवारची दुपार, मांडीवर टेप. त्यालाही आम्हाला घालवायचं नव्हतं. मी लहानपणी त्यांच्यासाठी झुरले, हे मला माहीत होतं. ते आमच्यासाठी किती झुरले, हे मला त्या कठड्यावर बसून कळलं, आणि मी मोठ्याने रडले. रेकॉर्डिंगमध्ये तेही आहे. मी ते कापलं नाही.

संदेश गेला. निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही. मायला फोन केला तर म्हणाली, "ऐकले त्यायनं. काई बोलले न्हाईत. जेवले अन् झोपले." मीही मग फार विचारलं नाही.

पुढच्या दिवशी जबल शम्सला गेलो. हा भाग कुणीही चुकवू नका. रस्ता वळणावळणाने चढतो, पुढे एका टप्प्यात खडी लागते आणि वर पोचलं की पायाखाली थेट दरी उघडते, इतकी खोल की मिलिंद कठड्यापासून दोन हात लांब उभा राहून "दुरून डोंगर साजरे" म्हणत होता. थंडी कडाक्याची; स्वेटर, टोपी, मोजे सगळं न्या, गल्फ म्हणून फसू नका. खडीच्या टप्प्यावर एक पिवळा ग्रेडर काम करत होता. मी गाडी कडेला घेतली. तोंडाला पंचा गुंडाळलेला ड्रायव्हर पातं टेकवून सावकाश पुढे जायचा, पुन्हा मागे यायचा आणि दगडगोटे बाजूला सरून मागे रस्ता उरायचा. आम्हाला वाट देण्यासाठी त्याने मशीन थांबवलं आणि हात वर केला. तो कुठला होता, त्याच्या घरी कोण होतं, काही कळायला मार्ग नव्हता. मी खिडकीतून उरलेले धपाटे दिले. त्याने ते कपाळाला लावून घेतले.

मग मस्कत, मासळी बाजार, घाईघाईने घेतलेला लोबान, विमान. नईमला घरी आलो तर जिन्यात तोच तळणीचा वास आणि शेजारच्या बाल्कनीत तेच वाळत घातलेले युनिफॉर्म. वर्कशॉप, गोदाम, शाळा सुरू झाली. ऑफिसात सगळ्यांनी विचारलं, काय बघितलं? मी म्हणाले, डोंगर. मग काय मिळालं ते स्वतःशी मोजत बसले. गाव सापडलं नव्हतं. अण्णांचं उत्तर नव्हतं. वाळू मात्र बुटांतून अजून निघत होती.

पुढच्या शुक्रवारी सकाळी मी रोटी आणायला खाली गेले होते. भट्टीपाशी रांगेत असताना फोन वाजला. मायच्या नंबरवरून आवाजाचा संदेश होता, बराच लांब. माय तसं कधी करत नाही, तिला ते बटण लवकर सापडत नाही. मी रांग सोडली आणि भिंतीला टेकून फोन कानाला लावला.

आधी नुसता श्वास. मग अण्णांचा आवाज, "बरं." मग पुढे काहीच नाही. मी आवाज वाढवला. बाजेची करकर. हापशाचा दांडा वर-खाली होत होता आणि बादलीत पाणी पडत होतं. चिमण्या. कुणाची तरी मोटारसायकल रस्त्यावरून गेली. तव्यावर भाकरी उलटल्याचा आवाज आला, तोही ओळखीचा. आणि या सगळ्याच्या मधोमध तो श्वास, जवळ, अगदी माझ्या शेजारी. अण्णा अंगणात बसले होते आणि मला अंगण ऐकवत होते. भट्टीवाला ओरडून विचारत होता, किती रोट्या, आणि मी हाताने त्याला थांब म्हणत होते.

मग मायची पावलं आली. "अवो, बोलून झालं न्हवं? बंद करू का? मोबाईल उतरायलाय उगंच."

मी डोळे मिटून घेतले. आता खट् होणार, हे मला लहानपणापासून पाठ होतं.

आणि अण्णा म्हणाले, अडखळत, एकेक अक्षर उचलून ठेवल्यासारखं, "राहू... दे."

मायच्या हातातलं भांडं खाली पडल्याचं ऐकू आलं. त्यानंतरही कितीतरी वेळ हापसा चालू होता.